गवताला निघालेली सुलाबाई

माणसाला सुखात बसवून आजारी कसं पाडावं, हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने नवनाथकडे जावं. मुलगा वाईट नव्हे. उलट फार चांगला, आणि सगळी गडबड त्या चांगुलपणातूनच झाली.

मखमलाबादच्या पुढे, कॅनॉलच्या कडेला त्यांचा झेंडूचा मळा. नवनाथची आई सुलाबाई लग्न होऊन या मळ्यात आली, तेव्हापासून चाळीस वर्षं डोक्यावर फुलांची टोपली घेऊन पंचवटीतल्या फुलबाजारात पायी जात होती. सकाळी तोडा, मग रस्ता, मग बाजार, दुपारी परत. नवरा मल्हारी गेला तेव्हा चौदाव्या दिवशी तिने टोपली उचलली होती. वाटेत पोटभर रडली आणि बाजारात पोचली तेव्हा डोळे कोरडे होते. त्यानंतर कितीतरी दिवस ती तशीच रस्त्याने रडून घ्यायची, म्हणजे घरात रडायची वेळ येत नसे.

मग नवनाथने छोटा हत्ती घेतला. टेम्पोला हार घातला, नारळ फोडला आणि आईच्या डोक्यावरची टोपली आपल्या हाताने उतरवून सांगितलं की आता बास, आता तू ओट्यावर बसून नुसते हुकूम सोडायचे. ओट्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची आली. वस्तीतल्या बायका येता-जाता त्या खुर्चीकडे बघून म्हणायच्या की सुलाबाईने नशीब काढलं. सुलाबाईलाही तसंच वाटलं. जन्मभर राबलेल्या माणसाला बसायला मिळणं म्हणजे मानच की.

तो मान दोन वर्षांत तिच्या अंगावर आला. आधी गुडघे धरले. मग वजन वाढलं, मग साखर निघाली. रात्री झोप येईना आणि दिवसा डोळे उघडेनात. हे सगळं एक वेळ चाललं असतं, पण तिला कशाचं काही वाटेनासं झालं. चहात साखर आहे की नाही हे ती सांगू शकत नसे. केस विंचरायला कुणीतरी आठवण करून द्यावी लागे. समोर झेंडू पिवळाधमक फुललेला असायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. आपण आता संपत आलोय, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते सुनेच्या. दीपमाला नांदगावकडची, बोलायला फार कमी. सुलाबाई तिला मनातल्या मनात घुमी म्हणायची. दोघींत भांडण नव्हतं, तसं बोलणंही नव्हतं. एका सकाळी दीपमालाने कुणाला न विचारता रिक्षा बोलावली, सासूला तीत बसवलं आणि नाक्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. तीन महिन्यांची साखर साडेनऊच्या घरात. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं की नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही. रोज सकाळी पाऊण तास चालायचं, दोन्ही वेळा जेवल्यावर दहा मिनिटं चालायचं. पायाचे स्नायू हलले की रक्तातली साखर ते खातात, सांधे मोकळे होतात, झोप लागते आणि मनावरचं मळभही बरंचसं त्यानेच उतरतं. हळूहळू सुरू करा, पण एक दिवसही चुकवू नका. दिवाळीच्या तोंडाशी पुन्हा रक्त बघू, साखर उतरली नाही तर मग इन्सुलिनच्या सुया सुरू कराव्या लागतील.

सुयांचं नाव निघालं तशी सुलाबाई घाबरली. तिची चुलत जाऊ भागीबाई साखरेने अशी खंगली होती की शेवटी तिच्या पायाचं बोट काढावं लागलं होतं. पण घाबरूनही सुलाबाईने जो प्रश्न विचारला तो भलताच होता.

"चालीन मी. पण चालू कुठं?"

डॉक्टरीणबाईंना तो प्रश्न कळलाच नाही. त्या म्हणाल्या, कुठेही चाला. आता चाळीस वर्षं बाजाराला, शेताला, विहिरीला, दळणाला चाललेल्या बाईला 'कुठेही चाला' म्हणणं म्हणजे कुठेच चालू नका म्हणण्यासारखं आहे. मळ्याकडे बाई रस्त्याला लागली की तिच्या हातात काहीतरी असतं. हात रिकामे असले की चार तोंडं विचारतात. नुसतं चालणारी माणसं तिने पाहिली होती, नाही असं नाही. कॉलनीतली पांढऱ्या बुटांची माणसं सकाळी कॅनॉलच्या कडेने तरातरा जायची आणि जिथून निघाली तिथेच परत यायची. सुलाबाई आणि तिच्या मैत्रिणी फुलं तोडता तोडता त्यांना हसायच्या. घरी काय विसरलं म्हणून परत चालले, असं एकमेकींना विचारायच्या. आता त्यांच्यातलंच एक होऊन मिरवायचं म्हणजे काय.

नवनाथने यावरही चांगुलपणा काढला. घरातच चालायचं मशीन आणतो म्हणाला. दीपमालाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं आणि तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सासूच्या खुर्चीपुढे चपला ठेवून उभी राहिली. पहिल्या दिवशी दोघी कॅनॉलच्या पहिल्या पुलापर्यंत गेल्या. पाच मिनिटांची वाट, पण सुलाबाई तीनदा बसली. दीपमाला एकदाही 'चला' म्हणाली नाही. सासू बसली की ती बाजूला उभी राहायची, कॅनॉलच्या पाण्याकडे बघायची आणि सासू उठली की चालू लागायची. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवसापासून श्रावणाच्या फुलांची तोडणी लागली. सकाळची वेळ मळ्यातून हलायची नाही. दीपमालाने विचारलं की एकट्या जाल ना. सुलाबाई म्हणाली, जाईन.

एकटीने निघाली आणि वळणावरच चंद्रभागा भेटली. चंद्रभागा म्हणजे वस्तीतली अशी बाई की तिच्या ओट्यावरून माशी गेली तरी तिला तिचं गाव ठाऊक हवं. कुठं निघाली, म्हणून तिने विचारलं. सुलाबाई म्हणाली, इथंच. दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं, आणि सुलाबाईने तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी चंद्रभागाने नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या बघण्याने सुलाबाईला घाम फुटला. चौथ्या दिवशी तिने माळ्यावरची टोपली काढली, तीत विळा टाकला, वर फडकं टाकलं आणि काखेला लावून निघाली. चंद्रभागाने विचारायच्या आत तिने सांगून टाकलं की गवताला चालले.

किती मोकळं वाटलं म्हणून सांगू. काखेत टोपली आली आणि पाय आपोआप उचलू लागले. गवत कापायचा तर प्रश्नच नव्हता, घरात एक शेळीसुद्धा उरली नव्हती. पण टोपली आहे म्हटल्यावर बाई कामाला निघाली, आणि कामाला निघालेल्या बाईला लाज कसली.

महिनाभरात ती दुसऱ्या पुलाला पोचली. नागपंचमी गेली, पोळा गेला, आणि एका रात्री तिला अशी झोप लागली की सकाळी कोंबडा ओरडला तेव्हाच जाग आली. ती अंथरुणात बसून राहिली आणि नुसत्या झोपेच्या आनंदाने तिचे डोळे भरले. सकाळी उठताना गुडघे आधी भांडायचे, ते आता कुरकुरून का होईना ऐकू लागले. मग वासही परत आले. कॅनॉलच्या ओल्या मातीचा, कोथिंबिरीच्या वाफ्याचा, कुणाच्या तरी घरच्या भाकरीचा. मल्हारीची आठवण वाटेत यायची, पण आता ती वाट अडवायची नाही. थोडं अंतर बरोबर चालायची आणि पहिल्या पुलाशी मागे राहायची. चालता चालता माणसाच्या डोक्यातले गुंते आपोआप सुटतात, हे सुलाबाईला चाळीस वर्षं मिळत होतं आणि दोन वर्षं ते कुणीतरी प्रेमाने काढून घेतलं होतं, एवढीच सगळी भानगड होती. पांढऱ्या बुटांच्या माणसांना ती आता ओळखीचं हसायची. त्यातल्या एका आजोबांनी तर तिला रामराम घालायला सुरुवात केली.

पण त्याच वेळी वस्तीवर दुसरंच काही शिजत होतं, आणि ते सुलाबाईला फार नंतर कळलं. दारात टेम्पो, मळ्यात पीक, आणि म्हातारी गुडघे धरून रोज गवताला जाते. कुणी पाठवली? सुनेने, दुसरं कोण. एकीने सांगितलं की म्हातारी टोपली रिकामीच घेऊन येते, बिचारीला कापवत नाही. दुसरीने त्यात भर घातली की रिकामी आली की सून चहा देत नाही. चंद्रभागाने तर सुलाबाईला वाटेत एकटीच बोलताना पाहिलं होतं. ती मल्हारीशी बोलत होती हे चंद्रभागाला काय ठाऊक. तिने सांगितलं की सुनेच्या जाचाने म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला. घुमी माणसं बदनामीला फार सोयीची असतात, कारण ती उलटून बोलत नाहीत.

दिवाळीच्या आधी रक्ताचा रिपोर्ट आला. साडेनऊची साखर सव्वासातवर. डॉक्टरीणबाईंनी सुयांचा विषयच काढला नाही, एक गोळी कमी केली आणि असंच चालू ठेवा म्हणाल्या. परत येताना रिक्षात सुलाबाईला सुनेशी काहीतरी बोलावंसं फार वाटलं. पण आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानायची सोय नाही. त्याला समोर माइक आणि गळ्यात हार लागतो. जिभेवर आलेलं सगळं गिळून ती म्हणाली की भाजीत मीठ जरा कमी टाकत जा. दीपमाला हो म्हणाली.

भाऊबीजेला सुलाबाईचा थोरला भाऊ मोतीराम सायखेड्याहून आला. दरवर्षी तो मोटारसायकलवर कुणाच्या तरी मागे बसून यायचा. या वेळी जीप करून आला, आणि जीपमधून उतरताना त्याचा चेहरा असा होता की नवनाथ पाया पडायला वाकला तो तसाच अर्धवट थांबला. चंद्रभागाची लेक सायखेड्यात दिलेली होती, एवढं सांगितलं म्हणजे पुढचं सांगायला नको.

दीपमालाने ओवाळायचं ताट मांडलं होतं. मोतीराम बसला नाही.

"सुला, पिशवी भर," तो म्हणाला. "ओवाळायचं ते आपल्या घरी ओवाळ. माझी बहीण काय रस्त्यावर पडली नाय."

सुलाबाईला काही कळेना. मोतीरामने मग नवनाथला बायकोच्या मुठीतला म्हणून हिणवलं, आणि दीपमालाकडे वळून दोन महिने सायखेड्यात बसून जे जे ऐकलं ते सगळं तिच्या पुढ्यात ओतलं. गवत, टोपली, चहा, डोक्यावरचा परिणाम, सगळं. दीपमाला मान खाली घालून ऐकत होती. करंज्यांचा घाणा कढईत होता. मध्येच ती आत गेली, गॅस बंद करून आली आणि पुन्हा तिथेच उभी राहिली. नवनाथ तोंड उघडत होता आणि मिटत होता.

सुलाबाईला पहिल्यांदा भीती वाटली ती चालणं सुटण्याची. सायखेड्याला भावाच्या घरी पाहुणी म्हणून गेली तर तिथेही खुर्ची मिळणार, पुन्हा मान मिळणार, आणि पुन्हा ती भिंतीकडे तोंड करून बसणार. भाऊ मायेने न्यायला आला होता, आणि त्या मायेने ती मरणार होती. ती खुर्चीला धरून उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. साखर, सुया, डॉक्टरीणबाई, पहिला पूल, दुसरा पूल. टोपली आपण आपल्या हाताने काढली, सुनेने काढली नाही.

"मग टोपली कशाला, नुसतं चालायचं ना," मोतीराम म्हणाला.

"लाजेपायी, दादा. रिकाम्या हातानं निघायची लाज वाटली मला."

मोतीराम तसा न्यायी माणूस. राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. शेवटी तो दीपमालावरच घसरला, पण आवाज उतरला होता. "सूनबाई, मग तू तोंड का नाय उघडलं? गावभर तुझं नाव निघालं. तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं, मामा."

"कधीपासून?"

"गोकुळाष्टमीपासून."

सुलाबाई सुनेकडे बघत राहिली. गोकुळाष्टमीपासून म्हणजे जवळजवळ पहिल्यापासून. नवरात्रात वस्तीतल्या सगळ्या बायका देवीच्या देवळात बसून झेंडूचे हार ओवतात. या मळ्याची फुलं त्या हारांत पहिली लागतात. या वर्षी फुलं गेली होती, आणि दीपमाला घरीच राहिली होती. विचारल्यावर डोकं दुखतं म्हणाली होती. नळावरून ती हल्ली एवढ्या लवकर कशी येते, हेही सुलाबाईला आता कळलं. तिथे तिच्याशी बोलायला कुणी उरलंच नव्हतं. आणि या सबंध दिवसांत रोज सकाळी सासू टोपली काखेला लावून निघताना ही बाई दारात उभी राहून तिला बघत होती. एक शब्द पुरला असता.

"मला का नाय सांगितलं गं?" सुलाबाईने विचारलं.

दीपमाला म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही टोपली ठेवून दिली असती. तिच्याबरोबर चालणं पण ठेवून दिलं असतं. तुम्ही हसायला लागल्या होत्या, आई. लोक बोलतात तर बोलू दे म्हटलं."

नवनाथ भिंतीला टेकून खाली बसला. मोतीरामने डोक्यावरची टोपी काढली, हातात फिरवली आणि परत घातली. पण सुलाबाई रडत बसली नाही. तिने ताट उचललं, भावाला ओवाळलं, त्याला करंजी भरवली आणि सांगितलं की सायखेड्याला मी येईन, पण कार्तिकी झाल्यावर, चार दिवस, आणि तिथे मला गोदेच्या काठाने रोज चालायला लागेल. मग पदर खोचला, चपला घातल्या आणि दोन्ही हात मोकळे सोडून ओट्यावरून उतरली.

"कुठं निघाल्या?" दीपमालाने विचारलं. सुलाबाई बांधाला लागलीसुद्धा होती.

वस्तीवर बत्तीस घरं. मळे लांब लांब, एका घरापासून दुसरं घर म्हणजे मध्ये एखादं शेत. सुलाबाई आधी चंद्रभागाच्या दारात जाऊन उभी राहिली. भाऊबीजेचा दिवस, घर पाहुण्यांनी भरलेलं, ओट्यावर जावई बसलेले. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"चंद्रभागा, माझ्या सुनेनं मला गवताला नव्हतं धाडलं," ती म्हणाली. "मी मरायला टेकले होते, तिनं मला उठवून चालायला लावलं. टोपली माझी होती, लाज माझी होती. बोलायचं असंल तर माझ्या नावानं बोला. तिच्या नावानं एक शब्द नाय."

चंद्रभागा काहीतरी पुटपुटली. सुलाबाई ऐकायला थांबली नाही, पुढच्या घरी गेली. तिथेही तेच बोलली. मग त्याच्या पुढच्या घरी. बहीण तोल जाऊन पडायला नको म्हणून मोतीराम मागोमाग निघाला होता, पण पाचव्या घरापाशी त्याचाच दम तुटला, आणि तो कुणाच्या तरी ओट्यावर तांब्याभर पाणी पिऊन तिथेच बसून राहिला. सुलाबाई बांधावरून, वाफ्यांतून, पाइपलाइन ओलांडत चालत होती. कुणी खजील झालं, कुणी चहाचा आग्रह केला, एका घरी एक म्हातारी तिला धरून रडली. एक-दोघींनी, आम्ही तर कधी काही बोललोच नाही, असंही सांगितलं. सुलाबाईने सगळ्यांना तेवढंच सांगितलं, ना कमी ना जास्त. विसाव्या घरानंतर गुडघे बोलायला लागले. एका बांधावर ती टेकली, तळव्यांनी गुडघे चोळले आणि उठली. डॉक्टरीणबाईंनी पाऊण तास सांगितला होता. ती दुपारी जेवायच्या आधी निघाली होती आणि उन्हं कलली तरी तिची घरं संपत नव्हती.

बत्तिसावं घर झालं तेव्हा कॅनॉलच्या पाण्यावर तांबूस उजेड होता. परतीच्या वाटेवर तिला चाळीस वर्षांच्या टोपल्या आठवल्या. डोक्यावर एवढी ओझी वाहिली, पण आज उतरलं तेवढं जड त्यातलं एकही नव्हतं.

ओट्यावर दीपमाला उभी होती. घरोघरी काय झालं ते तिच्यापर्यंत आधीच पोचलं होतं. वस्तीत चांगली बातमीही तितक्याच वेगाने चालते, फक्त तिला तशी संधी कमी मिळते. दुपारपासून तीन बायका येऊन गेल्या होत्या. एक तर फराळाचा डबा ठेवून गेली होती. दीपमालाने सासूला हात दिला, खुर्चीवर नाही, पायरीवर बसवलं, आणि घमेल्यात कोमट पाणी आणून तिचे पाय त्यात ठेवले. पायांना चिखल लागला होता, टाचा लाल झाल्या होत्या. ती बोटं चोळत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी घमेल्यातल्या पाण्यात पडत होतं.

"फार दुखत असतील," ती म्हणाली.

"दुखतात की," सुलाबाई म्हणाली. तिने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "तूच परत दिलेत हे पाय. तुझ्यासाठी दुखले तर दुखू दे."